पाठमोरी मोटार

"मिस्त्री, मी आलोय की चाललोय, एवढं एकदा तूच सांग," डॉक्टरसाहेब म्हणाले.

प्रश्न रास्त होता. त्यांची मोटार माझ्या वर्कशॉपच्या दारात उभी होती, पण तिचं तोंड रस्त्याकडे आणि पाठ माझ्याकडे. लोणावळ्याच्या बाजारातून माझ्या दारापर्यंत जो चढ आहे, तो ती रिव्हर्समध्ये चढून आली होती. ड्रायव्हर धोंडीभाऊ इतका वेळ मान मागे वळवून बसला होता, की गाडी थांबली तरी मान पुढे येईना. शेवटी त्याने ती दोन्ही हातांनी धरून सरळ केली.

त्या महिन्यातली ही तिसरी खेप. मोटार तीच, डॉक्टर तेच आणि कंप्लेंटही तीच: पेट्रोल भरायला घेतलं की अर्धा डबा आत जातो, उरलेला टाकी बाहेर ओकून टाकते. मग गाडीभर वास.

आमची मुलं ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावतात आणि दर वेळी विचारतात, "पण उलटी का चालवायची?" म्हणून आधी तेवढं सांगतो. डॉक्टरांची गाडी जुनी अमेरिकन होती. खंडाळ्यातल्या एका शेटजींनी नवी घेतली, तेव्हा ही डॉक्टरांकडे आली. हिची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. गादी उचलायची, टोपण काढायचं, फनेल लावून डब्याने पेट्रोल ओतायचं. तिथून ते आपल्याच वजनाने उतरून इंजिनात जायचं, टाकीतलं पाणी नळाला येतं तसं. चढावर गाडीचं नाक वर झालं आणि पेट्रोल थोडकं असलं, की इंजिन टाकीच्या वर जायचं. पेट्रोल काही चढ चढत नाही. मग गाडी फिरवायची आणि पाठमोरी न्यायची, म्हणजे टाकी वर आणि इंजिन खाली.

टाकी भरलेली असली तर हा खटाटोप नको. पण टाकी भरतच नव्हती ना!

डॉक्टरांची फिरती सगळ्या मावळात. इंदुरीपासून टाकव्यापर्यंत कुठे ताप, कुठे विंचू, कुठे बाळंतपण. या गाडीने त्यांची अब्रू कशी घालवली ते त्यांच्याच तोंडून ऐकावं. खंडाळ्याच्या एका बंगल्यावर ते पाठमोरे पोचले. रखवालदाराला गाडीची पाठ दिसली. त्याला वाटलं डॉक्टर तपासून निघाले. त्याने सलाम ठोकला आणि फाटक लावून घेतलं. इंदुरीत हॉर्न वाजायच्या आत लोक म्हणायचे, "डाक्तर आलं," कारण वाऱ्यावर वास आधी यायचा. तिथल्याच एका आजीबाईंनी औषध परत केलं. का, तर डॉक्टर त्यात रॉकेल घालतात.

"माझ्या नळीला वास, माझ्या कोटाला वास," डॉक्टर म्हणाले. "परवा एकाची छाती तपासत होतो, तर तोच मला विचारतो, साहेब, बरं नाही का तुम्हाला?"

यात फायदा झाला तो फक्त धोंडीभाऊच्या घरचा. गाडीजवळ काडी ओढायची सोय नसल्याने त्याची बिडी सुटली होती. त्याची बायको मला दुवा देत असे. तो मात्र माझ्याकडे असा बघायचा, की मीच त्याच्या तोंडातली बिडी काढून घेतलीय.

आता माझी गोष्ट. मुंबईत एका गॅरेजमध्ये चार वर्षं पाने फिरवून मी लोणावळ्यात वर्कशॉप काढलं होतं. 'वर्कशॉप' हा बोर्डावरचा शब्द. बोर्ड काढला तर खाली पत्र्याची शेड. आमचे आबा रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर. इंजिन म्हणजे वाफेचं, बाकी सगळी खेळणी, असं त्यांचं मत. त्यांनी फोरमनला सांगून माझ्यासाठी एक जागा धरून ठेवली होती.

"ह्यो महिना बघ," आबा म्हणाले होते. "तुजं दुकान चाललं तर चाललं. न्हाई चाललं तर एक तारखेला शेडमदी यायचं. मंग तोंड वाकडं करायचं न्हाई."

दुकान चालणं न चालणं डॉक्टरांच्या हातात होतं. गावात मोटारी थोड्या. मोटारवाले सगळे त्यांचे पेशंट, आणि जीभ दाखवता दाखवता 'मोटार कुठे दाखवता?' हेही त्यांनाच विचारायचे. डॉक्टरांनी नाक मुरडलं की माझा बोर्ड उतरला.

पहिल्या खेपेला मी सरळ काम केलं. गादी उचलली, टोपण काढलं, फनेल लावलं आणि धोंडीभाऊच्या देखत सबंध डबा ओतला. पेट्रोल गटगट आत गेलं. एक थेंब बाहेर नाही.

"बघा," मी म्हणालो.

"हितं लय ग्वाड पिती," धोंडीभाऊ म्हणाला. "घरी गेली की वकती."

"तुमचा हात हलत असेल."

"माजा?" तो भडकला. "आवो मिस्त्री, म्या हंड्यानं पानी वाहिलंय डोंगरावनं. माजा हात हालंल?"

दुसऱ्या खेपेला मी टाकीच बाहेर काढली. उकळत्या पाण्याने धुतली, सांध्यांवर साबणाचा फेस लावून आत हवा मारली. टाकी फुटली असेल तर फेसाला बुडबुडे येतात. एकही आला नाही. मग कार्बोरेटर उघडला. त्यात बुचाच्या लाकडाचा एक फ्लोट असतो. पेट्रोल पुरेसं झालं की तो वर येऊन नळी बंद करतो. फ्लोट पेट्रोल पिऊन जड झाला असेल म्हणून तो वाळवून त्याला लाखेचा हात दिला. सगळं परत बसवलं. डबा ओतला. गटगट आत.

गाडी घरी गेली. दुसऱ्याच दिवशी निरोप आला: ओकली.

ही गोष्ट गावात फुटली. लोक म्हणू लागले, गाडी सासुरवाशीण आहे, माहेरी पोटभर जेवते आणि सासरी घास घेत नाही. माहेर म्हणजे माझी शेड. ऐकायला गोड वाटतं, पण धंद्याला वाईट.

तर आता तिसरी खेप, आणि डॉक्टर विचारतायत की ते आलेत की चाललेत. महिना संपायला चार दिवस.

माणसाची अक्कल गुंतली की तो काहीतरी ठाम बोलतो. मी गादी उचलली, टोपण हातात घेतलं, उन्हात धरलं आणि त्यात सुईच्या टोकाएवढं भोक दिसलं.

"सापडलं!" मी ओरडलो.

"काय?" डॉक्टर.

"टोपणाला भोक आहे. वास इथून येतो. गचके बसले की पेट्रोलही इथूनच उडत असणार."

"मग आधी दोनदा दिसलं नाही?"

"बारीक आहे साहेब," मी म्हणालो, आणि मोठ्या रुबाबात त्यावर सोल्डरचा थेंब सोडला. असा गुळगुळीत बसला, की मी ते टोपण धोंडीभाऊला दोनदा दाखवलं. ते भोक अमेरिकेत कुणीतरी पगार घेऊन, मुद्दाम पाडलेलं असेल, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकव्याहून माणूस धावत आला. एका सुनेचं बाळंतपण अडलं होतं. डॉक्टर पेटी घेऊन गाडीत बसले. पुढचं मला धोंडीभाऊने सांगितलं, आणि सांगताना त्याने माझ्यावर अजिबात दया केली नाही.

गाडी दोन-तीन मैल झक्क गेली आणि बंद पडली. धोंडीभाऊने हँडल मारलं, ढिम्म. पुढची गादी सलग, म्हणून पेट्रोल किती आहे ते बघायला शेजारी बसलेल्या डॉक्टरांना उठवून त्याने गादी उचलली, टोपण फिरवलं, तर आतून "सूंऽऽ" असा आवाज आला. हँडल मारलं तर गाडी चालू! पुन्हा दोन-तीन मैल, पुन्हा बंद. पुन्हा डॉक्टर खाली, गादी वर, टोपण ढिलं, सूंऽऽ, चालू.

"तिसऱ्या बारीला म्या साहेबास्नी म्हनलं," धोंडीभाऊ सांगत होता, "ही उसासं टाकतीया. हिच्या मनात कायतरी हाय."

डॉक्टरांचा शास्त्रावर विश्वास. ते गाडीतून उतरले आणि मागून येणाऱ्या एका बैलगाडीत बसले. टाकव्यात पोचले तेव्हा सुईण हात धुऊन ओट्यावर चहा पीत होती. बाळ-बाळंतीण खुशाल. बाळाच्या आज्याने डॉक्टरांच्या हातावर गूळ ठेवला आणि म्हणाला, "सायब, तुमचं बी येनं झालं, लय बरं वाटलं." पाहुण्याला म्हणतात तसं.

संध्याकाळी डॉक्टर चालत माझ्या शेडवर आले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"गणपत," ते म्हणाले. एरवी मिस्त्री म्हणायचे. "आज ते बाळ शहाणं निघालं, माझ्यासाठी थांबलं नाही. दर वेळी असं होत नाही."

मी खाली बघितलं.

"मी पेशंट कुठे बघतो?"

"दवाखान्यात, साहेब."

"आणि जो दवाखान्यात येऊन बरा दिसतो आणि घरी जाऊन आजारी पडतो, तो?"

मी हातातला पाना पुसू लागलो.

"त्याच्या घरी जातो मी. तो काय खातो, कुठे झोपतो, बघतो. तीन वेळा गाडी तुझ्याकडे आली. तू किती वेळा तिच्याकडे गेलास? उद्या सकाळी घरी ये. धोंडी पेट्रोल भरेल, तू नुसता उभा राहा. हात लावायचा नाही. उद्या उलगडलं नाही तर गाडी पुण्याला पाठवतो."

घरी मी हे काही सांगितलं नाही. पण आबा जेवता जेवता म्हणाले, "शेडमदी निळी कापडं घालत्यात. तुला शोभतील." गावात काय, बातमीला चाकं लागतात; मोटारीला लागत नाहीत.

सकाळी डॉक्टरांच्या अंगणात गेलो. गाडी तुळशीपासून जरा दूर, आंब्याखाली उभी. चामड्याच्या सीटवर धाबळी अंथरलेली. धाबळी म्हणजे लोकरीचं वस्त्र, सोवळ्याला चालतं. ती डॉक्टरांच्या आत्याबाईंनी घातली होती. आत्याबाई म्हणजे घरचं हायकोर्ट. लहानपणी विधवा झाल्या, भावाचं घर सांभाळलं, भाचा डॉक्टर केला. दर मंगळवारी त्या याच गाडीतून कार्ल्याच्या देवीच्या डोंगराच्या पायथ्याला जात. सोवळ्यात. चामड्याच्या सीटला शिवायचं नाही, म्हणून धाबळी.

धोंडीभाऊने गादी उचलली. टोपण काढलं. फनेल घेतलं. मी म्हणालो, "हं, ओता."

"थांबा," तो म्हणाला. "आजून ते यायचं हाय."

"ते कोण?"

घरातून आत्याबाई आल्या. हातात घडी केलेलं, पांढरंशुभ्र, ओलसर फडकं. मांजरपाटाचं, चौपदरी. त्यांनी ते दुरूनच धोंडीभाऊच्या हातात टाकलं. त्याने ते टाकीच्या तोंडावर पसरलं, वर फनेल दाबलं आणि कडेने सुतळीचे तीन वेढे देऊन करकचून गाठ मारली. हंड्याच्या तोंडाला पाणी गाळायला बांधतात तसं. फरक इतकाच, की हंडा इतका घट्ट कुणी बांधत नाही.

मी बघतच राहिलो.

"हे काय?"

"गाळणं," आत्याबाई म्हणाल्या. "पोटात जायचं ते गाळून जावं."

"हे माझ्याकडे कधी दिसलं नाही!"

"दिसेल कसं? पेट्रोल भरून झालं की मी लगेच सोडून घेते. तुझे हात दिवसभर चामड्यात नि तेलात. माझं सोवळ्याचं गाळणं मी तिथे पाठवीन होय?"

धोंडीभाऊ डबा ओतू लागला. पहिला घोट गेला. फडकं भिजलं. मग फनेलमध्ये पेट्रोल चढायला लागलं. आत टाकीत हवा कोंडलेली, तिला बाहेर यायला वाट एकच, आणि त्या वाटेवर भिजलेलं चौपदरी मांजरपाट. "भक्!" करून एक बुडबुडा फुटला आणि पेट्रोलचा फवारा धोंडीभाऊच्या मिशीवर. पुन्हा ओतलं, फनेल काठोकाठ भरलं आणि धार सीटच्या फळीवरून मागच्या गादीच्या काथ्यात शिरली. वास अंगणभर.

"वकली," धोंडीभाऊ मिशी पुसत शांतपणे म्हणाला. त्याला सवय झाली होती.

माझ्या अंगात वीज संचारली. कंप्लेंट सापडली, आणि ती माझी नव्हती! मी डॉक्टरांकडे वळलो, छाती काढली आणि म्हणालो, "साहेब, बघा! हे असले धंदे घरात चालतात आणि नाव मिस्त्रीचं खराब होतं. पेट्रोल काय गाळून घालायची वस्तू आहे? कोणत्या शहाण्याने सांगितलं हे?"

धोंडीभाऊ आंब्याकडे बघू लागला.

"तू," आत्याबाई म्हणाल्या.

"मी?"

"पावसाळ्यात डब्यात पाणी निघालं, गाडी अडली. तेव्हा तूच या अंगणात उभा राहून म्हणालास, आत्याबाई, पेट्रोल गाळूनच घालायला सांगा. आणि चामड्याचा एक तुकडा काढून दिलास. म्हणालास, यातून पेट्रोल जातं, पाणी राहतं."

आठवलं. दिला होता. मुंबईच्या गॅरेजात आम्ही मऊ चामड्यातूनच गाळायचो, पण मोकळ्या फनेलात ठेवून.

"चामडं मी त्या गाडीत घालू देईन? मी म्हटलं, गाळायचंच ना? मग आमच्या पद्धतीने गाळू. रोज धुते हो मी ते."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. हसू दाबायचं असलं की ते चष्मा पुसतात, हे मला पुढे कळलं. त्या वेळी वाटलं, माझी फाशी लिहायला चष्मा साफ करतायत.

अब्रू वाचवायला मी टोपण पुढे केलं. "पण आत्याबाई, टोपणाला भोक होतं ते मी बंद केलं. बघा, किती साफ!"

आत्याबाईंनी ते हातात घेतलं नाही, नुसतं वाकून पाहिलं. मग घरात गेल्या आणि रॉकेलचा डबा घेऊन आल्या. त्याच्या पत्र्याला समोरासमोर दोन भोकं.

"हे काय आहे?"

"भोकं."

"दोन कशाला?"

"एक... तेल यायला."

"आणि दुसरं?"

मी डब्याकडे पाहिलं, टोपणाकडे पाहिलं, आणि मला टाकव्याच्या रस्त्यावरचा तो "सूंऽऽ" ऐकू आला. मी रस्त्यात नव्हतो, तरी.

"वारा जायला," मी म्हणालो.

"एक भोक पाडून डबा उपडा केला तर तेल येतं का रे?"

"नाही."

"शेंबड्या पोराला कळतं," आत्याबाई म्हणाल्या आणि डबा घेऊन आत गेल्या. खटला संपला.

हिशेब असा होता. टाकीत काही भरायचं तर आतली हवा बाहेर जायला वाट हवी. ती आत्याबाईंनी माझ्या सल्ल्याने बंद केली होती. टाकीतून काही काढायचं तर बाहेरची हवा आत यायला वाट हवी. ती मी कुणाचाही सल्ला न घेता बंद केली होती. एका टाकीला दोन वाटा. दोन्ही बुजलेल्या. दोन्हीवर माझा शिक्का.

मी खाली बसलो, सोल्डर खरवडलं, बारीक खिळा ठोकून भोक मोकळं केलं. आता गाळण्याचं काय? चामडं चालणार नाही आणि गाळल्याशिवाय आत्याबाई ऐकणार नाहीत. तोड त्यांनीच काढली.

"अरे, पाणी आपण हंड्यात गाळतो, माणसाच्या तोंडावर फडकं बांधून गाळतो का?"

झालं. एक रिकामा डबा धुऊन वाळवला. त्याच्या तोंडावर फडकं सैल बांधायचं, त्यात पेट्रोल गाळायचं, तळाशी पाणी बसतं तेवढं सोडून द्यायचं, आणि मग ते मोकळ्या फनेलने टाकीत. धोंडीभाऊने सगळ्यांच्या देखत ओतलं. गटगट. टाकी शिगोशीग. त्याने बोट फिरवून पाहिलं, कोरडं. मागच्या गादीतला काथ्या मी स्वतः काढून उन्हात घातला आणि नवा भरून दिला.

दुपारी डॉक्टर खंडाळ्याला गेले, तोंड पुढे करून. फाटकाशी रखवालदाराने गाडी अडवली आणि विचारलं, "कौन साब?" त्याने त्यांना समोरून कधी पाहिलंच नव्हतं.

धोंडीभाऊची बिडी परत सुरू झाली. त्याची बायको त्यानंतर मला रस्त्यात भेटली की पदर तोंडाला लावून पलीकडे बघत जाते. एका घरचं भलं केलं की दुसऱ्या घरचं बिघडतं, त्याला इलाज नाही.

एक तारीख आली आणि गेली. लोको शेडमधली जागा माझ्या चुलतभावाला मिळाली, निळी कापडं त्याला शोभतात. मोटारवाले येत राहिले, कारण डॉक्टर प्रत्येकाला माझं नाव सांगायचे आणि वर म्हणायचे, "मिस्त्री चांगला आहे, फक्त त्याला घरी बोलवा."

आबांना मी सगळं खरं सांगितलं. वाटलं होतं, हसतील. ते हसले नाहीत. गंभीरपणे म्हणाले, "त्या बाईला शेडमदी घेत्यात का इचारू का फोरमनला?"

तेव्हापासून माझा एक नियम आहे. गाडी कुणाचीही असो, हत्यार हातात घ्यायच्या आधी मी विचारतो, "हिला आधी कुणी हात लावला होता?" लोक आठवून आठवून नावं सांगतात. मी ऐकून घेतो, पण तपासायला सुरुवात माझ्या नावापासून करतो. बहुतेक वेळा पुढच्या नावापर्यंत जावं लागत नाही.